कापणीला कोण येणार

होडी काठाला लागते न लागते तोच बाबांनी उतरायची घाई केली आणि त्यांचा उजवा पाय पार गुडघ्यापर्यंत गाळात गेला. मे महिन्यात धरणाचं पाणी खाली उतरलं की काठाला नुसता गाळ उरतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी ओरडणार तेवढ्यात बाबा हसायला लागले. आई गेल्यापासून त्यांना असं पोटातून हसताना मी पाहिलंच नव्हतं.

“चप्पल राहू द्या आत,” वरून एक बाई म्हणाली. “पाय तेवढा काढा. घाईनं ओढाल तर दोन्ही अडकून बसतील.”

ही यमुताई शेलार. साठी ओलांडलेली, काटक, नऊवारी खोचलेली, आणि बोलताना समोरच्याला काय वाटेल याची फारशी फिकीर नसलेली. आम्ही तिच्याकडे शिकायला आलो होतो. म्हणजे बाबा शिकायला आले होते. मी राखणदार म्हणून आले होते.

ते बेट मुळात बेट नव्हतंच. डोंगराचा माथा तो. धरण झालं, पायथ्याचं गाव पाण्याखाली गेलं आणि माथा तेवढा जांभळी-हिरड्यांच्या दाट रानासकट वर राहिला. यमुताईचं माहेर त्या पाण्यात आहे. सरकारनं तिच्या माणसांना सोलापूरकडे जमिनी दिल्या. तिकडे लग्न, संसार सगळं उरकून, नवरा गेल्यावर ही बाई एकटीच परत आली आणि माथ्यावर झोपडी बांधून राहिली. पुढे कुणीतरी तिच्यावर लेख लिहिला. मग शहरातली माणसं निसर्गाला न ओरबाडता कसं जगायचं ते शिकायला तिच्याकडे येऊ लागली. तो लेख बाबांनी कापून ठेवला होता आणि घरी येईल त्याला वाचून दाखवत होते.

बाबांचा उभा जन्म वीज मंडळात लोकांचे मीटर वाचण्यात गेला. सांगलीतलं असं घर नसेल ज्याचा जिना ते चढले नव्हते. घरात कुणी दिवा चालू ठेवून खोलीबाहेर पडलं की मागून बाबा येऊन बंद करणार. मी न्हाणीघरात असतानाही त्यांनी तो एकदोनदा बंद केला आहे. तेव्हा विजेशिवाय चालणाऱ्या बेटाची त्यांना ओढ वाटावी यात नवल नव्हतं.

आता मी का गेले ते सांगते. बाबांच्या पोटात गाठ निघाली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि मला नि सुहासला, माझ्या धाकट्या भावाला, आत बोलावलं. गाठ वाईट होती. लगेच काढली तर आशा आहे, पावसाळा संपेपर्यंत थांबलात तर काढून उपयोग नाही, असं ते स्वच्छ म्हणाले. आम्ही बाहेर आलो. बाबांनी विचारलं, “काय म्हणाले?” सुहास म्हणाला, “काही नाही बाबा, साधी गाठ आहे.” मी मान डोलावली.

आमच्याकडे असंच करतात. आजोबांना त्यांचा आजार शेवटपर्यंत कळू दिला नव्हता. आत्याला पित्त आहे असं सांगितलं होतं. कळलं की माणूस हाय खातो, यावर आमच्या सगळ्या घराचं एकमत. त्यामुळे काकांना माहीत होतं, मामीला माहीत होतं, शेजारच्या कुंभोजकर बाईंना माहीत होतं. गाठ ज्यांच्या पोटात होती त्यांना तेवढं नव्हतं.

आणि इथेच आमची गोची झाली. “साधी गाठ आहे ना? मग घाई कसली?” बाबा म्हणाले. सुहासनं पुण्याहून येऊन डोकं फोडून घेतलं, मामी रडली, मी अबोला धरला. बाबा ढिम्म. शेवटी तो लेख माझ्या मदतीला आला. मी म्हटलं, आधी तुमचं बेट, मग ऑपरेशन. आठवडाभर राहू, तिथून उठायचं ते सरळ मिरजेला. बाबांनी लगेच हात पुढे केला. मी टाळी दिली आणि मनात म्हटलं, जिंकले.

बेटावरचं शिकणं म्हणजे काय, तर मुकाट्यानं कामं करणं. यमुताई भाषण करत नसे. पहिल्याच सकाळी तिनं माझ्या हातात टोपली दिली आणि पालापाचोळा गोळा करायला धाडलं. तो पाला संडासात राखेसोबत टाकायचा, संडासातलं वर्षभर कुजवून झाडांना घालायचं. भांड्यांना राख, कपड्यांना रिठे, अंघोळीचं पाणी केळींना. जळणाला वाळकी काटकी, आणि तीही एका झाडाखालची सगळी उचलायची नाही. माझ्यासोबत पुण्याची देवयानी नावाची आर्किटेक्ट होती. महिनाभर राहायला आलेली. तिला प्रत्येक गोष्ट फार सुंदर वाटायची, संडाससुद्धा. मी मात्र पाठ धरून बसायची आणि मिरजेला जायचा सोमवार किती लांब आहे ते मोजायची.

बाबांचं वेगळंच चाललं होतं. पहाटे उठून ते रानात फिरून यायचे. शेकरू दिसली की मला उठवायला यायचे. घरी अर्धी भाकरी टाकणारा माणूस इथं नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं मागून घेत होता. दुपारी थकायचे, पण ते लपवून झोपडीमागे जाऊन आडवे व्हायचे. मला दिसायचं, मी बघितलं नाही असं करायची.

“निला, एक लक्षात आलं का तुझ्या?” एकदा म्हणाले. “इथं मीटरच नाही गं. कुणी किती वापरलं ते कुणी येऊन वाचत नाही, तरी कुणी जास्त वापरत नाही.”

“फारच छान,” मी म्हटलं. “औषध घेतलंत का?”

“घेतलं. तू इथं येऊनसुद्धा मिरजेतच आहेस बघ.”

मला राग आला, कारण खरं होतं ते.

आणि मग एका सकाळी मी पाला घेऊन वर आले तर बाबा एका वाफ्यात उकिडवे बसलेले. माती भुरभुरीत केलेली, दगड वेचून बांधाला लावलेले. शेजारी यमुताई उभी. तिनं सुपातून मूठभर नाचणी त्यांच्या ओंजळीत ओतली आणि बाबांनी ती अशी धरली की जणू प्रसाद. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, जाता जाता हौस फिटली.

पण माझ्यामागे देवयानी उभी होती आणि तिचं तोंड उतरलं होतं.

“मला नाही दिलं बी,” ती म्हणाली. “मी दोनदा मागितलं. ताई म्हणाल्या, महिन्यानं जाणाऱ्याला बी नाही.”

“म्हणजे?”

“इथं जो पेरतो त्यानंच कापायचं. कापणीला हजर असेल त्यालाच बी देतात. आधी म्हणे सगळ्यांना द्यायच्या. लोक पेरायचे, फोटो काढायचे, निघून जायचे. एका वर्षी कापायला माणूसच नव्हतं, सगळं पीक उभ्याउभ्या कुजलं. तेव्हापासून हा नियम.”

टोपली तिथेच टाकून मी यमुताईला गाठलं. ती चुलीपुढे होती.

“तुम्ही बाबांना बी का दिलंत?”

“त्यांनी मागितलं. म्हणाले, हितंच राहतो. सांगलीचं घर भाड्यानं देतो म्हणाले.” तिनं माझ्याकडे बघितलं. “तुम्हाला ठाव न्हाई?”

नाचणी काढायला दसरा उजाडतो. डॉक्टरांनी सांगितलेली वेळ तोवर कधीच उलटून गेली असती. मी पुन्हा वाफ्याकडे गेले. बाबा हातानं माती सारखी करत होते. मी त्यांच्यापुढे बसले आणि सांगलीत शंभरदा म्हटलेलं सगळं पुन्हा म्हटलं. तारीख मिळालेली आहे, मोठे डॉक्टर आहेत, तुम्ही शब्द दिलाय.

“शब्द मोडत नाही मी,” बाबा म्हणाले. “पुढे ढकलतोय फक्त. दिवाळीनंतर करू. साधी गाठ आहे, ती काय कुठं पळून जातेय?”

“बाबा, वाढते ती.”

“साधी गाठ आहे ना, निला?”

ते माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “हो.”

“मग झालं तर. तुला खरं सांगू? तुझी आई गेल्यावर मी नुसता वेळ काढत होतो. सकाळी उठायचं, पेपर वाचायचा, कोण मेलं ते बघायचं. इथं पहिल्यांदा मला दसऱ्याला काय करायचंय ते माहीत आहे.”

मोबाइलला रेंज फक्त पूर्वेच्या कातळावर मिळायची. तिथे उभी राहून मी सुहासला फोन लावला. मी म्हटलं, मी सांगून टाकते. तो फोनवर किंचाळलाच. “सांगू नकोस ताई. काही कर, पाया पड, उचलून आण, पण सांगू नकोस. ते हाय खातील. ऑपरेशनच्या टेबलापर्यंतसुद्धा जाणार नाहीत.” मग तो रडायला लागला. रडणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही. मी फोन ठेवला आणि कातळावर बसून राहिले. मलाही तेच वाटत होतं, हे सांगायला हवं. सुहासनं नुसतं माझ्या मनातलं मोठ्यानं म्हटलं होतं.

संध्याकाळी मी यमुताईला सगळं सांगितलं. तिनं बी परत मागून घ्यावं, एवढीच माझी अपेक्षा. तुम्ही राहू शकत नाही, जागा नाही, असं काहीतरी तिनं बाबांना सांगावं. ती भाकरी थापत ऐकत होती.

“त्यांना ठाव आहे?”

“नाही.”

“मग मला कशापायी सांगताय?”

“तुमचं ऐकतील ते.”

“खोटं बोलले तर ऐकतील आन खरं बोलले तर न्हाई ऐकणार, असं आहे व्हय?” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “हे बघा, मी बी दिलं माणूस बघून. तुमच्या घरात तुम्ही काय बोलता ते तुमचं. मी त्यांना सांगणार न्हाई. पण माझ्या तोंडानं खोटंबी निघणार न्हाई. जागा आहे हितं. न्हाई कशी म्हणू?”

मी तिला मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले. आपल्या नियमांपुढे माणूस न दिसणारी बाई, असं तेव्हा वाटलं. आजही कधी कधी वाटतं.

सोमवारी सकाळी बाबू ढेबे होडी घेऊन आला. तो पलीकडच्या वाडीचा. बाजारहाट, टपाल, माणसं, सगळी ने-आण त्याच्याच होडीतून. माझी पिशवी होडीत होती. बाबांची नव्हती. ते मला निरोप द्यायला काठापर्यंत आले होते, अनवाणी, हातांना माती. मी शेवटचं म्हणून पुन्हा एकदा विनवलं. हात जोडले. बाबूदेखत जोडले. बाबा ओशाळले, पण हलले नाहीत.

“सुहासला सांग, मी रुसलोबिसलो नाही. दिवाळीनंतर आपण होऊन येतो.”

तेवढ्यात यमुताई खाली आली. तिनं बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“एक राहिलं,” ती म्हणाली. “त्या वाफ्याचं. रोप लावायला, तण बेणायला वाडीतली माझी माणसं हात देतील. पण कापणीला कोण येणार, ते मला आत्ता सांगा.”

“अहो, हे काय विचारणं झालं?” बाबा हसले. “मी आहे की. मी कुठं जातोय?”

यमुताई खोटं बोलणार नाही म्हणाली होती, त्यातलाच तो प्रकार होता की तिनं मुद्दाम विचारलं, हे मला आजवर कळलेलं नाही. ती नुसती उभी राहिली, आणि उत्तर मिळालेलं नसावं तशी थांबली. माझ्या डोळ्यांपुढे तो वाफा आला, पिवळा पडलेला, कापायला कुणी नसलेला. त्या बाईला बाबांबद्दल तक्रारीला जागा राहू नये, त्यांचं पेरलेलं वाया जाऊ नये, एवढंच माझ्या मनात आलं.

“कापणीला मी येईन,” मी म्हटलं.

“तू कशाला?” बाबा सहज म्हणाले. “मी आहे ना.”

मी उत्तर दिलं नाही. यमुताईनं मान खाली घातली. बाबू ढेबे विनाकारण इंजिनाची दोरी गुंडाळायला लागला.

बाबांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग यमुताईकडे, मग माझ्याकडे. मीटरचा आकडा नीट दिसत नसला की ते चष्मा वर करून जवळ जायचे. तसे ते माझ्याजवळ आले आणि माझा चेहरा वाचत राहिले. मला तोंड फिरवायचं होतं, पण फिरवता आलं नाही.

“बरं,” ते म्हणाले.

त्यांनी हातावरची माती झटकली. यमुताईला नमस्कार केला. मग गाळातून, या वेळी अजिबात घाई न करता, ते होडीपर्यंत आले आणि आत येऊन बसले. पिशवी आणायलाही वर गेले नाहीत. ती देवयानी धावत घेऊन आली आणि तिनं होडीत टाकली. तिला बिचारीला काही कळलं नव्हतं. ती म्हणाली, “काका, तुम्ही पण? वाफ्याला मी पाणी घालीन हं.”

होडी पाण्याच्या मध्यावर आली. मग इंजिनाच्या आवाजात बाबांनी मोठ्यानं विचारलं, “सुहासला माहीत आहे?”

“हो.”

“पहिल्यापासून?”

“आम्ही दोघं आत गेलो होतो ना, तेव्हाच.”

“मामीला?”

“हो.”

“कुंभोजकर बाई रोज खीर आणून देत होत्या. मी म्हटलं, या बाईला अचानक काय झालं. त्यांनाही?”

मी मान हलवली. मला वाटलं ते रागावतील. मी त्यासाठी तयार होते. रडले असते तरी मी तयार होते, हाय खाल्ली असती तरी. त्यातलं काही झालं नाही. ते नुसते विचारात पडल्यासारखे दिसत होते.

“मग इतके दिवस,” ते म्हणाले, “तुम्ही सगळे माझ्याशी काय बोलत होतात?”

बाबूनं इंजिन बंद केलं. काठ आला होता.

मिरजेला बाबांनी कसलीच खळखळ केली नाही. डॉक्टरांना त्यांनी स्वतः विचारलं आणि डॉक्टरांनी त्यांना स्वतः सांगितलं. आम्हाला बाहेर बाकावर बसवलं होतं. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले, केस गेले. ज्या बातमीनं ते मरतील म्हणून आम्ही घाबरलो होतो, ती ऐकूनच ते ऑपरेशनला उभे राहिले. सुहास याला माझी हुशारी म्हणतो. मी त्याला कधी दुरुस्त केलेलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला बाबा आणि मी, दोघंही बेटावर गेलो. धरण भरलेलं होतं, पाणी पार झाडांच्या मुळांशी आलेलं. बाबांना विळा धरवत नव्हता, म्हणून ते बांधावर बसले आणि मी कापलं. पीक काही फार नव्हतं. देवयानी पाणी घालून गेली होती, रोपं यमुताईच्या माणसांनी लावली होती. तरी बाबांनी एक कणीस हातावर चोळून फुंकलं, दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिले.

दुपारी चुलीपुढे बसलो तेव्हा यमुताईनं विचारलं, “आता कसं हाय?”

मला तेच सांगायचं होतं. आदल्याच आठवड्यात तपासण्या झाल्या होत्या, आणि निघायच्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा मला फोन आला होता. चांगली बातमी होती. गाडीत सांगण्यापेक्षा बेटावर, सगळ्यांसमोर सांगू, म्हणून मी ती जपून ठेवली होती.

“सगळं स्वच्छ आहे,” मी म्हटलं. “डॉक्टर म्हणाले, कुठं काही उरलेलं नाही. आता फक्त वर्षातून दोनदा दाखवायला जायचं.”

यमुताईचा चेहरा खुलला. बाबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काठावर बघितलं होतं तसं, चष्मा वर करून. बघत राहिले. मी हसले. माझं हसणं मलाच खोटं वाटायला लागलं, तरी मी हसत राहिले. बातमी खरी होती.

मग ते यमुताईकडे वळले.

“ताई,” त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, “ही खरं बोलतेय का हो?”

“मला काय ठाव?” यमुताई म्हणाली. “तिलाच विचारा की.”

बाबांनी ताटली पुढे ओढली आणि जेवायला सुरुवात केली. मला त्यांनी विचारलं नाही.